अकरा गोण्या सोडा

३ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

पत्ता मावशीने दिला. "देते, पण माझं नाव सांगू नकोस," म्हणाली, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू लहानपणी म्हणायचीस, ते आठवलं.

लिहिण्यासारखं खास काही नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. कारखान्याने दिलेलं घर सोडावं लागलं. आता इस्त्रीच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. खाली दिवसभर इस्त्री चालते, त्यामुळे थंडीत माझी फरशी ऊबदार असते, हा एक फुकटचा फायदा. उन्हाळ्यात मात्र तीच फरशी जीव घेते. भांडी अजून आईचीच आहेत, सगळी चार माणसांच्या मापाची. अर्धा कांदा चिरला की उरलेला अर्धा दोन दिवस माझ्याकडे बघत बसतो.

सकाळी एका क्लासात शिकवायला जातो. मला फक्त गणितं दिली आहेत. रासायनिक समीकरण जुळवायचं आणि कशाला काय किती लागेल ते काढायचं. कारखान्यात तेहेतीस वर्षं हेच केलं, आता फळ्यावर करतो. बहुतेक सगळं पालथ्या घड्यावर पाणी, पण तास कसा संपतो ते कळत नाही. तास संपल्यावरच दिवस मोठा होतो.

आई गेली तेव्हा तू आली होतीस. तीन दिवस राहिलीस. मला ताट वाढून ठेवायचीस आणि आतल्या खोलीत जायचीस. एकदा मान वर करून बघितलं नाहीस. तुझा राग मी समजू शकतो, पण एवढा? तुझ्या नवऱ्याला सोड्याच्या गोण्या चोरल्या म्हणून कारखान्यातून काढलं, त्यात माझा हात नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी मला आकडे विचारले, मी आकडे दिले. आकडे काही माझ्या मालकीचे नव्हते.

जुनं उगाळायला लिहीत नाही. परवा बाजारात आपल्या कारखान्यातला फिटर दिसला, काळा चष्मा लावून, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालला होता. मी पलीकडच्या दुकानात शिरलो. लागत नसताना एक कुलूप घेऊन आलो. त्यावरून तुझी आठवण झाली, एवढंच.

तुझं शिवणकाम चालू आहे ना? डोळ्यांना जप.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

उत्तर आलं नाही. टपाल हल्ली उशिरा पोचतं म्हणतात.

आज एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या क्लासात चाळिशीच्या एक बाई येतात. दवाखान्यात परिचारिका आहेत, राहिलेली परीक्षा आता देतात. ड्यूटी संपवून थेट येतात, पहिल्या बाकावर बसतात आणि वकिलासारख्या भांडतात. परवा त्यांना मी एक गणित घातलं. अमुक इतकं ॲसिड आहे, ते मारायला, म्हणजे त्याचा जोर घालवायला, धुण्याचा सोडा किती लागेल? त्यांनी समीकरण अगदी नेमकं जुळवलं. उत्तर साफ चुकलं. मी वहीवर शून्य दिलं.

"शून्य कशाला, सर? समीकरण तर बरोबर आहे ना?"

"समीकरण बरोबर आहे, बाई. पण गणितात सोडा स्फटिकाचा दिलाय. तुम्ही वजन कोरड्या सोड्याचं धरलंत."

"मग समीकरणाचे तरी मार्क द्या."

"ॲसिड मेलं नाही तर समीकरणाचे मार्क घेऊन काय करायचंय?" असं मी म्हणालो, आणि मग खडू खाली ठेवून पाणी प्यायला बाहेर गेलो. बराच वेळ आत गेलो नाही.

तुला रसायन कधीच आवडलं नाही, पण हे तुला शिंप्याच्या भाषेत सांगतो. कापड मीटरवर न घेता वजनावर घेतलंस असं समज. कोरडं कापड आणि पाण्यातून काढलेलं ओलं कापड, दोन्ही तराजूत दहा किलो भरलं. सदरे सारखेच निघतील का? सोड्याचं तसं आहे. एक कोरडा, पिठासारखा. दुसरा स्फटिकाचा, काचेच्या खड्यांसारखा, त्याच्या पोटात पाणी असतं. थोडंथोडकं नाही, निम्म्याहून जास्त. हाताला ते ओलं लागत नाही, म्हणून फसायला होतं.

आमच्या कारखान्यात तार ॲसिडमध्ये बुडवून गंज काढायचे. वापरलेलं ॲसिड टाकीत जमायचं. त्यात सोडा टाकून ते मारायचं आणि मग पंपाने बाहेर सोडायचं. त्र्याहत्तर किलो ॲसिडला कोरडा सोडा लागतो एकशे सहा किलो. हे समीकरण सांगतं, मी नाही. त्या दिवशी टाकीत तीनशे पासष्ट किलो ॲसिड होतं, म्हणजे सोडा पाचशे तीस किलो. पन्नास किलोच्या गोण्या, म्हणून मी चिठ्ठीवर लिहिलं: अकरा गोण्या. तुझ्या नवऱ्याने टाकल्या. दुपारी फिटरने दुरुस्तीसाठी पंपाचा सांधा उघडला आणि न मेलेलं ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं. एक डोळा गेला, दुसरा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं, उरलेलं ॲसिड मोजा आणि उलटा हिशेब काढा. मी काढला. जेवढं ॲसिड मेलं होतं तेवढं मारायला चारच गोण्या लागतात. म्हणून ठरलं, अकरा दिल्या, चार टाकल्या, सात विकल्या. तुझ्या नवऱ्याला लोक सातगोणी म्हणायला लागले ते त्यावरून.

आता ऐक. त्या महिन्यात स्टोअरकीपरने कोरड्याऐवजी स्फटिकाचा सोडा मागवला होता. स्फटिकाच्या अकरा गोण्यांत खरा सोडा जेमतेम चार गोण्यांएवढा असतो. अकरा टाकल्या तरी काम चारांचंच होणार. लागणार होत्या एकोणतीस. हे माझ्या लक्षात आलं ते परवा, त्या बाईंच्या वहीवर शून्य देताना. अकरा वर्षांनी. स्टोअरकीपरने मला वेळेवर सांगितलं असतं तर हे काही झालं नसतं. आता तोही हयात नाही.

तुझ्या नवऱ्याला हे सांग. त्याला बरं वाटेल.

दादा


८ मार्च

चिंगे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेटीत टाकून घरी आलो आणि लगेच कळलं की परत जाऊन पेटी फोडावी लागेल. अडीच आठवडे हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

परवा कळलं, हे खोटं. मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.

फिटर दवाखान्यात होता. चौकशी पाचव्या दिवशी व्हायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली टाकीच्या मागच्या शेडमध्ये गेलो. तुझ्या नवऱ्याची सवय तुला माहीत आहे, रिकामी गोणी झटकून, चौघडी करून ठेवायचा. अकरा गोण्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. चौकशीवाले म्हणत होते की त्याने भंगारातून जुन्या गोण्या आणून गठ्ठा पुरा केला. मी एक गोणी उलगडली. तिच्यावर निळ्या शाईत छापलेलं होतं, स्फटिक सोडा. दुसरी उलगडली. सगळ्यांवर तेच. शिवणीत काचेसारखे खडे अडकले होते.

वर आलो आणि टेबलाचा खण उघडला. स्टोअरकीपरची चिठ्ठी तिथेच होती, दहा दिवसांपूर्वीची. या खेपेला स्फटिकाचा माल आहे, नोंद घ्यावी. मी ती वाचली होती. खाली माझी सही होती. तेव्हा त्या मेलेल्या माणसालाही मी मागच्या पत्रात उगाच ओढलं.

उभ्या उभ्या हिशेब केला. एकोणतीस. पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा केला. पुन्हा एकोणतीस.

आणखी एक आहे. पंप उघडायच्या आधी टाकीत लिटमसचा कागद बुडवून बघायचा, ही लॅबची जबाबदारी होती, म्हणजे माझी. निळा राहिला तरच 'तपासले' म्हणून सही करायची. मी कितीतरी वर्षं कागद बुडवला नव्हता. वरूनच सही करायचो. समीकरण जुळलं आहे, वजनं मोजली आहेत, मग कागद ओला करायची गरज काय? नवीन मुलांना मी हे अभिमानाने सांगायचो. नाकाने कांदे सोलायचो नुसता. दोन पैशाचा कागद बुडवला असता तर लाल झाला असता आणि फिटरचे डोळे शाबूत राहिले असते.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या हिशेबाप्रमाणे अकरा गोण्या पुरेशा होत्या?" मी म्हणालो, "हिशेब बरोबर होता." त्यांनी लिहून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि मी तिथे खुर्चीवर बसून होतो. तुझा नवरा समोर उभा होता. माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही.

त्या संध्याकाळी तू माझ्या दारात आलीस. आत आली नाहीस. पदराला हात पुसत होतीस, जसं काही स्वयंपाक अर्धा टाकून आली होतीस. म्हणालीस, "दादा, खरं सांग. ह्यांनी सगळ्या टाकल्या होत्या का?"

मी तुलाही तेच म्हणालो. "हिशेब बरोबर होता, चिंगे."

तू मान हलवलीस आणि गेलीस. पंधरा दिवसांत तुम्ही गाव सोडलंत.

भीती वाटली, दुसरं काही नाही. एका माणसाचा डोळा माझ्या नावावर लागणार याची भीती. तेव्हा वाटलं, नोकरी एकाची जाईल नाहीतर दोघांची, मग एकाचीच जाऊ दे. तो एक कोण, हे मी ठरवलं.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. याहून जास्त रागावलीस तरी चालेल. पण एक ओळ लिही. शिव्या लिही. टपालवाला खाली इस्त्रीवाल्याकडे पत्रं ठेवतो आणि मी रोज काही कारण काढून त्याच्याकडे जातो. माझे सगळे कपडे इस्त्रीचे झाले आहेत, घरात घालायचे पायजमेसुद्धा.

दादा


३० मार्च

चिंगे,

तू लिहीत नाहीस, मी लिहितो. आता सवय झाली आहे.

मागच्या आठवड्यात कारखान्यात जाऊन आलो. म्हटलं, ज्या कागदावर खोटं लिहिलं आहे त्याच कागदावर खरं लिहून द्यावं. फाटकावरचा माणूस ओळखेना. मालक बदलले आहेत, तार बनत नाही, आता पत्र्याचे डबे बनतात. ऑफिसात एक कारकून होता, माझ्या निम्म्या वयाचा. मी सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मग म्हणाला, "काका, तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे?"

"माझ्याविरुद्ध."

"तुम्ही इथे कामाला आहात?"

"नाही."

"मग कसं घेणार? आणि त्या वेळचे कागद आमच्याकडे नाहीतच. जुन्या मालकांबरोबर गेले." त्याने मला चहा पाजला. जाताना म्हणाला, "झालं गेलं, काका. आता कोणाला आठवतंय?"

अर्ज पुन्हा खिशात घालून बाहेर आलो. फाटकासमोरच्या बाकावर बसलो. मला वाटत होतं की कबूल करणं अवघड असतं. कबूल करून घ्यायला कोणी नसतं हे माहीत नव्हतं.

मग काल फिटरकडे गेलो. पेठेच्या टोकाला त्याची किल्ल्या बनवायची टपरी आहे. नमुन्याची किल्ली बोटांनी चाचपतो, दाते मोजतो आणि कानस चालवतो. नजरेची गरजच पडत नाही त्याला. मी नाव सांगितल्यावर त्याने कानस थांबवली.

"केमिस्टसाहेब? बसा. कुलूप आणलंय?"

"नाही. सांगायला आलोय."

सांगितलं. चिठ्ठी, स्फटिक, लिटमस, सही, सगळं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. त्याची बायको मागे स्टूलवर बसली होती, ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

मग तो म्हणाला, "मी त्या माणसाला अकरा वर्षं शिव्या दिल्यात. रोज. किल्ली घासताना एक शिवी, असा नेम होता माझा."

"आता मला दे."

"तुम्हाला कशा देऊ? त्याला सवयीने द्यायचो. तुमच्यासाठी नव्याने सुरुवात करावी लागेल, आणि माझं वय झालं." तो हसला नाही. मीही नाही. मग त्याने विचारलं, "त्याला सांगितलंत?"

म्हटलं, बहिणीला तीन पत्रं लिहिली.

"बहिणीला? साहेब, चोर तिला ठरवलं होतं का?"

तो पुन्हा किल्ली घासायला लागला. म्हणाला, "बहीण म्हणजे तुमचं घरचं माणूस. तिच्यासमोर रडायला सोपं जातं. ज्याचं वाटोळं केलंत त्याच्या नावाने एक पाकीट नाही निघालं तुमच्या हातून." एवढं बोलून त्याने मला जायला सांगितलं. वाईट नाही बोलला, पण पुन्हा या असंही म्हणाला नाही.

म्हणून चिंगे, उद्याचं पत्र तुला नाही.

दादा


३१ मार्च

भावोजींना नमस्कार.

कारखान्यात मी तुम्हाला सगळ्यांदेखत अरे-तुरे करायचो. बहिणीचा नवरा म्हणून मान द्यावा हे मला तिथे कधी सुचलं नाही. लॅब वरच्या मजल्यावर होती आणि टाकी खाली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही अकराच्या अकरा गोण्या टाकल्या होत्या. सोडा स्फटिकाचा होता. मी वजन कोरड्याचं धरलं. एकोणतीस लागत होत्या. टाकी न तपासता मी सही केली. चौकशीच्या आधी दोन दिवस मला हे सगळं कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. तुम्ही एक चिमूटभर सोडा चोरला नाही.

आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या बायकोला लिहिलेल्या पत्रांतही मी ती घातली नाही. ती तुम्हाला आणि मलाच माहीत आहे.

त्या दिवशी सकाळी तुम्ही जिना चढून लॅबमध्ये आला होतात. दारातच उभे राहिलात, कारण तुमचे बूट ओले होते. म्हणालात, "दादा, शेवटची गोणी टाकली तरी फेस येतोय. नेहमी नऊ-दहाला फेस थांबतो. आज थांबेना."

सोडा ॲसिडमध्ये पडला की फेस येतो, ॲसिड संपलं की थांबतो. हे शाळेतलं पोर सांगेल. फेस येतोय म्हणजे ॲसिड शिल्लक आहे, याहून स्पष्ट कोण काय सांगणार? तुम्ही समीकरण शिकला नव्हतात, पण टाकीकडे बघत होतात. मी टाकीकडे न बघता तुम्हाला म्हणालो, "फेस बघून केमिस्ट्री करायला लागलास का? हिशेब झालाय. जा खाली."

तुम्ही गेलात. दुपारी फिटरने पंप उघडला.

चौकशीत तुम्ही हे सांगितलं नाहीत. एक वाक्य बोलला असतात तर तुम्ही सुटला असतात. मी खुर्चीत बसून त्या एका वाक्याची वाट बघत होतो. तुम्ही का बोलला नाहीत, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो.

सोबत सगळा हिशेब आणि माझी सही असलेलं निवेदन जोडलं आहे. एक प्रत आज सकाळी फिटरला वाचून दाखवून त्याच्याकडे दिली आहे. ही प्रत तुम्ही कोणालाही दाखवा. माफी मागत नाही. ती मागायला मी अकरा वर्षं उशीर केला आहे.

आपला,
चिंगीचा भाऊ


२२ एप्रिल

चिंगे,

भावोजींचं उत्तर आलं. इस्त्रीवाल्याने हाक मारली तेव्हा मी जिन्यात अनवाणीच उतरलो.

वहीचा कागद आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पहिल्या बाजूवर शब्द नाहीत, नुसतं गणित आहे. सोडा, ॲसिड, मीठ, पाणी, वायू, सगळं जुळवलेलं. त्याखाली वजनं. एकशे सहा खोडून, स्फटिकातलं पाणी धरून, दोनशे शहाऐंशी केलेले. शेवटी एकोणतीस, दोनदा अधोरेखित. मला वाटलं माझंच उतरवून पाठवलं. कागद उलटला तर तारीख दिसली. दहा वर्षांपूर्वीची.

त्यांनी लिहिलं आहे ते तुला सांगतो, कारण तुला त्यांनी सांगितलेलं नाही. गाव सोडून तिथे गेल्यावर ते शाळेत शिपाई म्हणून लागले. सगळे जण चार गोण्या, चार गोण्या म्हणत राहिले तेव्हा त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना झाला. खरंच मी चारच टाकल्या का, मोजताना चुकलो का, मला वेड तर लागलं नाही ना, असं व्हायला लागलं. मग शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना त्यांनी मधल्या सुट्टीत विचारलं, "हे गणित मला शिकवाल का? सात गोण्या कुठे गेल्या ते शोधायचंय." चार महिने शिकले. आठवी झालेला माणूस, चाळिशी उलटलेली. गोणीवर काय छापलं होतं ते त्यांना आठवत होतं. उत्तर आलं त्या दिवशी, ते लिहितात, "पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो."

मला काही ते जमलं नसतं. मी ज्याला तेहेतीस वर्षं शास्त्र म्हणत होतो ते त्यांनी खरं वापरलं.

फेसाबद्दल विचारलं होतं. उत्तर एवढंच आहे: "आपल्या दोघांची नोकरी एकदम गेली असती तर आईंनी कोणाकडे बघायचं? म्हणून तेव्हा गप्प बसलो. वाटलं, आई आहेत तोवर नाही, पण नंतर तुम्ही सांगाल."

आई जाऊन सहा वर्षं झाली, चिंगे.

मग तुझ्याबद्दल. माझी पत्रं तू फोडली नाहीस. तीनही पाकिटं आणि चौथंही, शिवणाच्या यंत्राच्या खणात तशीच आहेत. भावोजी म्हणतात, तुला फोडायची भीती वाटते. "ती तुमच्यावर रागावलेली नाही. तिला तुमच्यासमोर यायची लाज वाटते. माझ्या नवऱ्यामुळे एका माणसाचा डोळा गेला आणि दादाला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली, असं ती धरून बसली आहे."

हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो. अकरा वर्षं मी तुझ्या रागाला घाबरत होतो. तू आईच्या वेळी मान वर केली नाहीस ती शरमेने. माझ्यासमोर शरमेने. माझ्यासमोर.

मी विचार करत होतो की मी त्यांची नोकरी घालवली, नाव घालवलं. तुमच्या घरात काय ठेवून आलो ते मला माहीतच नव्हतं. त्यांनी लिहिलं आहे: "उत्तर काढल्यावर वही तिला दाखवणार होतो. पण चोराने स्वतः मांडलेला हिशेब कोण खरा धरतो? तिला केमिस्टने सांगितलं होतं. तिने तुम्हाला विचारलं, मला नाही विचारलं. आजवर नाही. चांगला संसार केला तिने, कधी टोमणा मारला नाही. पण विचारलंही नाही."

शेवटची ओळ अशी: "तुमचं निवेदन मी तिला देणार नाही. माझ्या हातून दिलेला कागद तिला माझाच वाटेल. तुम्ही सांगा. तोंडाने."

या असं लिहिलेलं नाही. राहायला या असं तर नाहीच. फक्त तुम्ही सांगा.

क्लासात आठ दिवस सुट्टी मागितली. त्या परिचारिका बाईंनी विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, एक गणित चुकलंय, दुरुस्त करायला. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

हे पत्र पेटीत टाकत नाही. तू ते फोडणार नाहीस, आणि माझ्या हातात काहीतरी असलं तर मी बोलायच्या ऐवजी तेच पुढे करीन. इथेच ठेवून निघतो. सकाळची गाडी आहे, दुपारी पोचते. भावोजी त्या वेळी शाळेत असतील, म्हणून संध्याकाळपर्यंत तुमच्या गल्लीबाहेर थांबणार आहे. ते घरी आल्यावरच दार वाजवीन. त्यांच्यासमोर सांगायचं आहे.

काय बोलायचं ते ठरवलं आहे. आधी कशी आहेस विचारणार नाही, आत ये म्हणायची वाट बघणार नाही. तू दार उघडशील आणि मान खाली घालशील, तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच सांगीन की चिंगे, मान वर कर, तुझ्या नवऱ्याने सगळ्या गोण्या टाकल्या होत्या, मी तुझ्याशी खोटं बोललो.

त्यानंतर तू माझ्याकडे बघू नकोस. त्यांच्याकडे बघ.

दादा